मुकादमाची हद्द

विद्याधर भाटे यांनी आयुष्यातली तेहेतीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजण्यात घालवली होती. कोणाचं कुंपण कोणाच्या परसात किती वीत शिरलंय हे ते नुसतं बघून सांगत, आणि मग फीत लावून तेच सिद्ध करून दाखवत. नगर भूमापन कार्यालयातून ते निवृत्त झाले तेव्हा मिरजेत सुटकेचा निःश्वास टाकणारे पुष्कळ होते. अशा माणसाने हद्दीच्याच प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यावं, आणि तेही समोर अवघे दोन पर्याय असताना, याला काय म्हणावं?

झालं ते असं. शैलाताई, म्हणजे भाट्यांच्या सौभाग्यवती, मंगळवारी सकाळच्या गाडीने बंगळूरला गेल्या. लेकीचं, केतकीचं, दुसरं बाळंतपण होतं आणि तीन महिने तरी त्या परतणार नव्हत्या. नवऱ्याला तीन महिने एकटं सोडायचं म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. म्हणून जाण्याआधी महिनाभर खपून त्यांनी घरासाठी एक मुकादम शिकवून तयार केला होता.

मुकादम म्हणजे काय, हे ज्यांच्या इमारतीत तो अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी फ्रीजचं डोकं वेगळं, गिझरचं वेगळं, चहाच्या यंत्राचं वेगळं, दिव्यांचं वेगळं असे. मग सोसायट्यांनी जिन्याखालच्या खोलीत एकच दणकट सामाईक संगणक बसवला आणि सगळ्या घरांची कामं त्याच्यावर टाकली. एका घराचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून प्रत्येक काम आपापल्या बंद डब्यात चालतं. तुमच्या गिझरचा डबा वेगळा, शेजाऱ्याच्या गिझरचा वेगळा, झाकणं घट्ट. भाट्यांच्या ‘सुमेरू’ सोसायटीत घरं चोवीस. डबे झाले सातशेच्या वर. एवढ्या डब्यांवर लक्ष कोण ठेवणार? म्हणून मुकादम आले.

मुकादम हाही एक प्रोग्रॅमच, पण त्याच्यात एखाद्या जाणत्या माणसाचं कसब भरलेलं असतं. जाणतं माणूस काय करतं? घर कसं असायला हवं ते मनात धरतं, घर कसं आहे ते बघतं, आणि दोन्हींत फरक दिसला की तो मिटवायला उठतं. मुकादम हेच दर दहा सेकंदांनी करतो. न थकता, न रुसता. भाट्यांच्या मते शैलाताई हे गेली अडतीस वर्षं करतच होत्या, फक्त दहा सेकंदांचा हिशेब तेवढा नवा होता.

महिनाभर शैलाताई घरात फिरता फिरता मुकादमाला पढवत होत्या. “पावणेसहाला उठवायचं. पहिल्या हाकेला उठत नाहीत, तीन मारायच्या. साडेसहाला गिझर बंद, नाहीतर बसतील पाणी उपसत. चहात साखर अर्धा चमचा, मागितली तरी अर्धाच. गोडाचा कप्पा दुपारी चारनंतर उघडायचा नाही. साडेआठला रक्तदाबाची गोळी, आणि घेतली म्हणाले तरी पुन्हा एकदा विचारायचं.” आवाजही त्यांनी स्वतःचाच दिला. मुकादमाने विचारलं, घरधन्यांचं नाव काय? तेव्हा शैलाताई चक्क लाजल्या. अडतीस वर्षांत कधी घेतलं नाही ते नाव आता यंत्रापाशी कुठे घ्यायचं? “नाव कशाला हवंय? अहो म्हटलं की कळतं त्यांना,” असं सांगून त्यांनी तो विषय मिटवला.

मुकादम बसवायचं काम तेवढं भाट्यांकडे राहिलं होतं. ते दुपारी संगणकासमोर बसले आणि पहिल्याच पायरीला अडले. घराच्या खात्याचा पासवर्ड फक्त शैलाताईंना पाठ, आणि त्या गाडीत, फोन लागेना. मात्र भाटे सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि सेक्रेटरीच्या खात्याचा पासवर्ड म्हणजे फाटकावरच्या पाटीवर लिहिलेला नोंदणी क्रमांक. तो त्यांना झोपेतही म्हणता आला असता. त्या खात्यातून ते आत शिरले, आणि पडद्यावर प्रश्न आला: या मुकादमाची हद्द ठरवा. एक, फक्त निवडलेली घरं. दोन, संपूर्ण इमारत.

दुसरा कोणी असता तर त्याने मुकाट्याने पहिल्यावर बोट ठेवलं असतं. भाटे मात्र विचार करणारे होते. मुकादमाला आपल्या घरात कोंडलं, तर उंबऱ्याबाहेर त्याला पाऊल टाकता येणार नाही. पण पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, वीज येते खालच्या मीटरमधून. टाकी रिकामी होत आली की हा आधीच बादल्या भरायला सांगेल, असं शैला म्हणाली होती. बाहेर डोकावताच आलं नाही तर सांगणार कसा? भाट्यांनी नोकरीत शेकडो लोकांना समजावलं होतं की नुसता प्लॉट असून भागत नाही, तिथे जायला वाट लागते. म्हणून सामाईक जागेतून वहिवाटीचा हक्क देतात. त्याने मालकी मिळत नाही, नुसतं जाता-येता येतं. मुकादमालाही इमारतीतून तशी वहिवाट द्यायला हवी. त्यांनी दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. पडद्याने विचारलं, नक्की? भाटे मोठ्याने म्हणाले, “नक्की.”

बुधवारी पहाटे पावणेसहाला शैलाताईंचा आवाज खणखणला. “अहो, उठा. पावणेसहा झाले.”

भाटे कुशीवर वळले. मग त्यांच्या लक्षात आलं की आवाज वरूनही येतोय, खालूनही येतोय, आणि समोरच्या बंद दारामागूनही येतोय. चोवीस घरांत चोवीस शैलाताई एका सुरात हाका मारत होत्या.

पुढच्या तासाभरात काय काय झालं ते सगळं सांगत बसलो तर गोष्ट इथेच संपेल. एकशे चारमध्ये सानिका इंगवलेच्या लग्नाला पाचच आठवडे झाले होते. आपल्या नवऱ्याला कोणी परकी बाई ‘अहो’ म्हणून लाडाने उठवतेय हे ऐकून ती ताडकन उठून बसली, आणि नवरा देवाच्या शपथा घेत सुटला. चारशे तीनमध्ये नर्सिंगच्या चार मुली राहत. त्यांना रात्रपाळीहून येऊन जेमतेम तास झाला होता, आणि त्यांना आवाज विचारत होता, “अहो, दाढी करणार आहात ना आज?” दोनशे चारमध्ये आधीपासून दुसरा मुकादम होता. त्याच्या मते गिझर आठपर्यंत चालू हवा, शैलाताईंच्या मुकादमाच्या मते साडेसहाला बंद. दोघेही कामाला चोख. एक चालू करी, दहा सेकंदांनी दुसरा बंद करी, आणि मधल्या मध्ये आंघोळीला बसलेला माणूस कधी कढत तर कधी गार पाण्याने बोंबलत होता. आणि सगळ्या इमारतीला अर्धा चमचा साखरेचा चहा मिळाला, तो तर कोणीच विसरला नाही.

सात वाजता भाट्यांच्या दारात घोळका जमला. मुकादम ज्या बोलक्या पेटीतून बोलत होता, तिची पिन भाट्यांनी घाईघाईने आपल्या घरात उपटली. मूळ घरात बंद केलं की सगळीकडे आपोआप बंद होईल, अशी त्यांची समजूत. पण खालच्या मजल्यावरून आवाज आलाच, “अहो, टॉवेल जागेवर टाका.”

“काका, हे काय लावलंय?” सानिकाने विचारलं. तिचे डोळे लाल झाले होते.

“तांत्रिक बाब आहे,” भाटे म्हणाले. “बघतो.”

सगळे आले होते, एक समोरचे तीनशे दोनवाले चौगुले सोडून. याचं भाट्यांना फार नवल वाटलं. बाळगोंडा चौगुले हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि तक्रार करण्यात त्यांचा हात धरणारा सोसायटीत कोणी नव्हता. चार वर्षांपूर्वी भाट्यांनी दोन दारांमधली मोकळी जागा फितीने मोजली होती आणि चौगुल्यांचा चपलांचा स्टँड भाट्यांच्या बाजूला नऊ इंच आला आहे असं लेखी कळवलं होतं. चौगुल्यांनी उत्तर दिलं नाही आणि स्टँडही हलवला नाही. तेव्हापासून दोन्ही घरांतल्या पुरुषांचं बोलणं बंद होतं. चौगुल्यांची बायको वारली तेव्हा शैलाताई पंधरा दिवस डबा देत होत्या. भाटे मात्र एकदा जाऊन, हात जोडून परत आले होते.

घोळका पांगल्यावर भाट्यांनी दुरुस्तीच्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या इंजिनिअरबाई, शाल्मली कुरणे, पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहिवाटीसकट.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्ही वहिवाट नाही दिलीत, सातबाराच नावावर करून दिलात. संपूर्ण इमारत म्हटलं की त्याला वाटतं चोवीस घरं आपलीच. तुमच्या मिसेसनी घर कसं असावं ते शिकवलं, तो सगळी घरं तशी करतोय. त्यात नाव कोणाचंच नाही, नुसतं अहो. मग तो ज्या घरात जाईल तिथे त्याला एक अहो सापडतोच.”

“पण चारशे तीनमध्ये चार मुली आहेत हो!”

“चार अहो म्हणून नोंद असेल.”

“बरं, आता हद्द बदलायची कशी?”

“सोपं आहे. घरांची यादी टाकायची, तेवढ्याच घरांत तो राहील. पण दोन अटी आहेत. तुम्ही सेक्रेटरी म्हणून बसवलाय, तेव्हा सभेचा ठराव लागेल. आणि कसब ज्या माणसाचं, त्याची तोंडी संमती लागेल. नियमच आहे तसा.”

भाट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “म्हणजे बायकोला सांगावं लागेल?”

“हो.”

“दुसरा काही मार्ग?”

“नाही,” कुरणेबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

भाट्यांनी सभा लावली रविवारी, म्हणजे सांगणं चार दिवस पुढे ढकललं. बाळंतपणाच्या गडबडीत तिला कशाला ताप, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळंच होतं. रविवारपर्यंत इमारतीत तेवीस घरांना शैलाताईंचा धाक होता, आणि पिन उपटलेलं भाट्यांचं घर तेवढं मोकळं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन चमचे साखर घालून चहा केला. दुपारी चारनंतर जिलेबी आणून खाल्ली. गुरुवारी सात वाजेपर्यंत लोळले. संध्याकाळी शैलाताईंचा फोन आला. “मुकादम नीट सांभाळतोय ना?” “एकदम नीट,” भाटे म्हणाले. “गोळी?” “घेतली.” घेतली नव्हती. आदल्या दिवशीही राहिली होती. विचारणारं कोणी नसलं की साडेआठ वाजून जातात आणि कळतही नाही.

शुक्रवारी सकाळी भाटे दूध घेऊन वर आले आणि किल्ली काढायला थांबले. समोरच्या दारामागून शैलाताईंचा आवाज आला. “अहो, गोळी घेतलीत का?”

“घेतली की,” चौगुल्यांचा घोगरा आवाज.

“नक्की?”

“हे बघा, पाणी पितोय.”

भाटे किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. आपल्या बायकोला दुसरा कोणीतरी ‘पाणी पितोय’ म्हणून सांगतो, याचा त्यांना संताप आला. शैलाचा तो ‘नक्की?’ त्यांचा होता. अडतीस वर्षं त्या शब्दाने त्यांचं डोकं उठवलं होतं. ते घरात आले, दूध ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिले. घर चिडीचूप होतं. तिसऱ्या दिवशी आत्ता कुठे त्यांना कळलं की आपल्याला करमत नाहीये.

रविवारी सभा दहाची. नऊ वाजता दारावरची बेल वाजली. दारात चौगुले, इस्त्रीचा सदरा घातलेले.

“आत येऊ का?”

चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य. भाटे बाजूला झाले. चौगुले खुर्चीच्या कडेला टेकले.

“मी तक्रार घेऊन आलो न्हाई,” ते म्हणाले. “एक इचारायचं हुतं. आज सभेत ते बंद करणार म्हनं.”

“करावंच लागणार.”

“व्हय, खरं हाय ते.” चौगुले फरशीकडे बघत बोलू लागले. “आमची मंडळी जाऊन दोन वर्सं झाली. गोळ्या हायेत की घरात, डबा भरून. पर कुणी इचारतच न्हाई म्हटल्यावर माणूस इसरतो. इसरतो कसला, सोडूनच देतो. बुधवारी हाक आली, तर मी ‘आलो आलो’ म्हणत उठून बसलो. मग ध्यानात आलं, कुणाला म्हणतोय मी.” त्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर पुसले. “आवाज वहिनींचा हाय, मला कळतंय. तुम्हाला बरं वाटणार न्हाई, तेबी कळतंय. आवाज बदला पायजे तर. तुमचा लावा. पर माझ्या घरातलं तेवढं ऱ्हाऊ द्या.”

आपला आवाज चौगुल्यांना रोज पहाटे ‘अहो, उठा’ म्हणतोय, हे चित्र डोळ्यांपुढे येऊन भाट्यांना ठसका लागला. “बघतो,” एवढंच ते कसंबसं म्हणाले. चौगुले उठले आणि दारात वळून म्हणाले, “स्टँड सरकवतो मी आजच. नऊ इंच.”

दहा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. ठराव दोन मिनिटांत झाला, पण राग बाहेर पडायला तासभर लागला. सानिकाचा नवरा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. नर्सिंगच्या मुलींपैकी एक उठून म्हणाली, “काकूंचा आवाज गोड आहे, पण आम्हाला दाढीचं विचारणं थांबवा.” दोनशे चारवाल्यांनी भाजलेला खांदा दाखवला. चौगुले एका खांबाला टेकून उभे होते.

“म्हणजे यादीत फक्त तुमचं घर, भाटेसाहेब. तीनशे एक,” कोणीतरी म्हणालं. “संपवा एकदाचं.”

भाट्यांनी सगळ्यांदेखत बंगळूरला फोन लावला. आता सुटका नव्हती. आवाज स्पीकरवर टाकून त्यांनी एका दमात, मान खाली घालून, सारं सांगून टाकलं. नोंदणी क्रमांक सांगितला, दुसरा पर्याय सांगितला, वहिवाटही सांगितली. पलीकडे बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

“तर यादीला तुझी संमती हवी आहे,” भाटे म्हणाले. खांबाकडे न बघता पुढे म्हणाले, “दोन घरं. तीनशे एक आणि तीनशे दोन.”

पार्किंगमध्ये कुजबूज झाली. तीनशे दोन कशाला? “सेक्रेटरीचा तांत्रिक निर्णय आहे,” भाटे करड्या आवाजात म्हणाले. “एका घरावर मुकादम नीट चालत नाही. जोडी लागते.” हे धादांत खोटं होतं, पण तेहेतीस वर्षं सरकारी आवाज कमावलेल्या माणसाने ते सांगितलं होतं. कोणी पुढे विचारलं नाही. चौगुल्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला.

आता शैलाताई बोलल्या. “मला बुधवारीच कळलं होतं.”

“काय?”

“मुकादम रोज संध्याकाळी मला कळवतो, कोणी काय ऐकलं ते. शिकवतानाच तसं सांगून ठेवलंय मी. बुधवारी बघते तर चोवीस घरं! म्हटलं, बघू हे कधी सांगताहेत.” सभेत हशा पिकला. “आणि ऐका. तीनशे दोनमध्ये चार दिवस गोळी बरोबर साडेआठला घेतली गेली. सानिकाच्या घरात टॉवेल जागेवर टाकला जातोय. मुली जेवताहेत वेळेवर. सगळ्या सोसायटीत माझं कोणी ऐकलं नाही असं एकच घर आहे.”

भाट्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

“पिन काढली होतीत ना?”

“अगं, ते तांत्रिक…”

“गोळी किती दिवस नाही घेतली?”

भाट्यांनी बोटांवर मोजलं. “चार,” भाटे म्हणाले. “पाच. आजची धरून.”

शैलाताईंचा श्वास फोनमधून ऐकू आला. त्या रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या ते भाट्यांना कळलं नाही, पण त्यांना स्वतःची फार लाज वाटली. मग शैलाताईंचा नेहमीचा आवाज आला, घर चालवणारा. “यादी लिहून घ्या. तीनशे एक खोडा. तिथे पिन उपटायला माणूस बसलाय. नुसतं तीनशे दोन लिहा.”

“आणि मी?”

“तुम्ही रोज साडेआठला समोर जायचं. गोळी घेऊन. चौगुलेभाऊजी, आहात का तिथे?”

“हाय की, वहिनी,” चौगुले खांबापासून दूर होत म्हणाले.

“यांना बसवून घ्या. चहा अर्ध्या चमच्याचाच द्या.”

“देतो. काळजी करू नका.”

सोमवारी साडेआठला पाच मिनिटं असताना भाटे गोळी मुठीत धरून घराबाहेर पडले. स्टँड चौगुल्यांनी खरंच नऊ इंच सरकवला होता, भिंतीला अगदी खेटून. फितीने मोजायची भाट्यांना इच्छा झाली नाही. चपला कुठे काढाव्यात हे कळेना, म्हणून त्यांनी त्या स्टँडच्या रिकाम्या कप्प्यात ठेवल्या, चौगुल्यांच्या बुटांशेजारी. दार उघडंच होतं. टेबलावर पाण्याचे दोन पेले भरून ठेवले होते. दोघे समोरासमोर बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

“अहो,” शैलाताईंचा आवाज आला, “गोळी घेतलीत का?”

चौगुल्यांनी भाट्यांकडे पाहिलं आणि हाताने ‘आधी तुम्ही’ अशी खूण केली. भाट्यांनी गोळी जिभेवर ठेवली, पेला तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्यायले. मग चौगुल्यांनीही गोळी घेतली.

“घेतली,” दोघेही एकदमच म्हणाले.

“नक्की?”

भाट्यांचे डोळे भरून आले. “नक्की गं,” ते म्हणाले.